तुमचा गूळ, माझी फुंकणी

तात्या,

आधी मी माझ्या हातानं केलेल्या वस्तू सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते तुमच्या ध्यानात राहील. क्रशरच्या जबड्यावर बसवलेली पाण्याची फवारणी. तिच्या तोट्या पितळेच्या, भोकं मी स्वतः लेथवर पाडलेली, कारण बाजारातल्या तोट्या आपल्या बोअरच्या क्षारानं महिन्याभरात बुजतात. खडीच्या पट्ट्यावरची पत्र्याची झाकणं, आतून रबर लावलेली. ड्रिलच्या दांड्यातून थेट भोकात पाणी सोडायची जोडणी, जिच्यामुळं भुकटीचा उडायच्या आत चिखल होतो. खाणीतला सावलीचा मांडव, चाकांवरचा, कारण खाण पुढं सरकते आणि झाड सरकत नाही. पिण्याच्या पाण्याची गाडी, तिला ओलं गोणपाट गुंडाळायच्या कड्यांसकट. कामगारांनी अंघोळ करून कपडे बदलायच्या दोन खोल्या, एक बाप्यांची, एक बायकांची, दोन्हींना आतून कडी. तुमची शेवटची खाट. आणि तुमची तिरडी. तीही मीच बांधली, आणि चौघांनी खांद्यावर घेतली तेव्हा तिची एक गाठ सरकली नाही. या सगळ्यांतल्या फक्त शेवटच्या दोन वस्तू तुम्ही वापरल्या, आणि दोन्ही वेळा तुमचा नाइलाज होता.

लिहितोय ते धाकट्यापायी. त्याला मी ड्रिलवरून उतरवलं. तुमची खाण, तुमची जागा, तुमचा लाडका. त्याची छाती तुमच्याच वाटेनं निघाली होती, ती मध्येच अडवावी म्हणून उतरवलं. अडली का, ते आज मला सांगता येत नाही. पण ते नंतर. आधी तुमच्याशी बोलायचं आहे, आणि या वेळी मध्ये खोकला येणार नाही.

तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर खाणीच्या मालकाच्या मुलानं मला बोलावणं धाडलं. तोवर चिंचोळी एमआयडीसीत माझी स्वतःची शेड झाली होती. शाळा तुम्ही नववीत सोडवली, तेव्हा बाकीचं मी रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेल्या पुस्तकांतून शिकलो. इंग्रजी शब्दकोशाची जिल्द मी दोनदा नवी बांधली, इतका तो फाटला. ज्या मशीनचं माहितीपुस्तक मी वाचलं नाही त्या मशीनला मी हात लावत नाही, हे चिंचोळीत कुणालाही विचारा. तर मालकाला खाणीवर फक्त पाणी मारून हवं होतं. का, तर शेजारच्या द्राक्षवाल्यांनी तक्रार केली होती की तुमची धूळ आमच्या घडांवर बसते. माणसांवर बसते अशी तक्रार इतक्या वर्षांत कुणी केली नव्हती. मी त्याला म्हणालो, पाणी मारतो, पण धूळ एकटी येत नसते. बरोबर ऊन येतं, कॉम्प्रेसरचा आवाज येतो, गढूळ पाणी येतं, तंबाखू येते, पाठ जाते, बीपी आणि शुगर तर कुणी मोजलेलीच नसते. वर्षातून एकदा सगळ्यांची सगळी तपासणी करायची असेल तर काम घेतो. तो म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही पाण्याचं बघा. माणसं म्हणजे काय नट-बोल्ट आहेत का?" मी म्हणालो, "नट-बोल्टांना निदान तेल तरी घालता तुम्ही." तो हसला आणि हो म्हणाला. बापापेक्षा बरा आहे. तुम्ही त्याच्या बापाला देव मानायचात आणि तो तुम्हाला "ए मुकादम" म्हणायचा.

आता तुमचा गूळ. संध्याकाळ आहे. कॉम्प्रेसर बंद झालाय, पण कानांत अजून चालूच आहे. सगळे तुमच्यासमोर येऊन उकिडवे बसलेत, पापण्या पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, विशीतली पोरंसुद्धा आजोबा दिसतायत. तुमच्या मांडीवर डबा, डब्यात ढेप, हातात सुरुंगाची जुनी छिन्नी. त्या छिन्नीनं तुम्ही गूळ फोडता आणि एकेकाच्या हातावर ठेवता. पैसे तुमच्या पगारातले, हे मी नाकबूल करत नाही. गूळही चांगला, पिवळा नाही, काळपट. आणि दर वेळी तेच सांगता, कुणी नवा असला की मोठ्यानं: "धूळ आत गेली की गूळ तिला धरतो बग, गोळा करतो, आन् खाली न्हेतो. सकाळी लोटा घिऊन गेलास की मोकळा." सगळे हसतात. कुणीतरी म्हणतं, "तर मग मुकादम, माज्या पोटातनं आजवर खडी निगाया पायजे हुती की." तुम्ही त्याला दुसरा खडा देता. गूळ हातावर पडला म्हणजे दिवस संपला, धूळ फिटली, छाती धुतली. त्या खाणीवर कुणी देवाचा अंगारा एवढ्या भक्तीनं घेतला नसेल.

मी पुढं छातीचं चित्र विकत आणलं, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असतं तसलं, आणि शेडमध्ये लावलं. घशाच्या खाली दोन वाटा फुटतात. एक पोटात जाते, एक छातीत. दगडाची बारीक भुकटी, जी डोळ्यांना दिसतही नाही, ती छातीच्या वाटेनं जाते आणि तळाशी जाऊन बसते, परत निघत नाही. गूळ पोटाच्या वाटेनं जातो. ज्या वाटेनं तुमचा गूळ जात होता तिथं धूळ नव्हतीच, तात्या. तुम्ही सगळा जन्म शेजारच्याचं अंगण झाडलंत. आणि वर त्या माणसांना वाटत राहिलं की आपला बंदोबस्त झालाय, म्हणून कुणी तोंड बांधलं नाही, कुणी पाणी मागितलं नाही, कुणी डॉक्टरकडं गेलं नाही. गूळ नसता तर कदाचित भ्याले असते. तुम्ही त्यांची भीती काढून घेतलीत, रोज, आपल्या हातानं.

तोंड मी बांधलं होतं. ते तुम्हाला आठवत नसेल, तुमच्यासाठी ती नेहमीची गंमत होती. मी तुमच्या हाताखाली ड्रिलवर लागून फार दिवस झाले नव्हते. आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून मी नाकातोंडाला बांधलं, आणि डब्यातनं थोडं थोडं पाणी भोकात ओतत होतो. भुकटी खरंच बसत होती. मला वाटलं, तुम्ही बघाल. तुम्ही बघितलं. कॉम्प्रेसर बंद करायला लावलात, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. जवळ आलात आणि दोन बोटांनी फडकं खाली ओढून म्हणालात, "आरं, तोंडाला फडकं मेल्यावर बांधत्यात. एवडी काय घाई झालीया?" सगळी खाण हसली. मी ते परत वर ओढलं. तेव्हा तुम्ही ते काढूनच घेतलंत, त्यानं ड्रिलचा दांडा पुसलात आणि म्हणालात, "मिस्तरीसाहेब, पान्यात खेळायचं आसंल तर घरी जावा. हितं दगूड फोडत्यात." मी त्याच दिवशी उतरलो आणि चिंचोळीला वेल्डरच्या हाताखाली लागलो. महिनाभर घरी तुम्ही मला "पत्र्याला भोकं पाडनारा" म्हणत होतात. धाकटा तेव्हा शाळेत होता. तो पण म्हणायचा, तुमच्याकडं बघत बघत.

आणि स्वयंपाकघर. तुम्ही कामावरून आलात की दारात कधी कपडे काढले नाहीत. आत चुलीजवळ यायचात, कारण तिथं ऊब आणि चहा. आई तुमचा सदरा तिथंच झटकायची. परातीत पीठ मळलेलं असायचं, त्यावर तुमची भुकटी बसायची आणि भाकरीला करकर यायची. तुम्ही म्हणायचात, "जात्याचा दगूड उतरलाय." दगड उतरला होता हे खरं, पण जात्याचा नव्हे. पुढं आईला खोकला लागला. ती चुलीच्या धुराला नाव ठेवत राहिली, कारण नवऱ्याच्या सदऱ्याला नाव ठेवायची आपल्यात रीत नाही. ती पुण्यवान, तुमच्या आधी गेली. तुमची खाण गावाबाहेर होती असं सगळे म्हणतात. एक शाखा तुम्ही आईच्या छातीत उघडली होती. आज मी बघतो त्या खाणीवरून कुणी कामाच्या कपड्यांत घरी जात नाही. गेला तर दुसऱ्या दिवशी फाटकातून आत येत नाही. मला त्यावरून शिव्या बसतात. "अंगूळ केल्याबगार सोडत न्हाय, सासू हाय का कोन?" असं बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात. बोलू देत. त्यांच्या भाकरीला करकर येत नाही.

तुमचं शेवटचं वर्ष मी नीट पाहिलं, आणि नीट सांगणार आहे. टीबी म्हणून तुम्हाला दोनदा गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला. लघवी लाल झाली, वजन गेलं, दम तसाच. मग मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला आणि तिथल्या डॉक्टरनं पहिलाच प्रश्न केला, "दगडाचं काम का?" तुम्ही अभिमानानं हो म्हणालात. आडवं झोपलं की तुम्ही बुडत होतात, म्हणून मी खाट केली. चौकोनी नळ्यांची, पाठीचा भाग वर घ्यायला पाच खाचा. तुम्ही ती आठ दिवस अंगणात उभी ठेवलीत. "दवाखान्याची खाट माज्या घरात नगं." मग एका सकाळी गपचूप तिच्यावर टेकलात. पहिली खाच, मग दुसरी. तिसऱ्या खाचेवर तुमचं बोलणं तुटक झालं. चौथ्यावर तुम्ही शिवी अर्धी सोडायला लागलात, आणि तुम्हाला ओळखणाऱ्यांना तेव्हा कळलं की आता काही खरं नाही. पाचव्या खाचेवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ असतो. त्याच्या पुढं मी खाच केलेली नव्हती. तुम्ही दुपारी, ताठ बसून, उघड्या दारातून उन्हाकडं बघत गेलात. हनुवटी खाली पडली, तेव्हा फडकं मी बांधलं. भिजवलेलं नव्हतं.

त्याआधीची एक गोष्ट आहे, तीही त्याच दुपारची. तुम्ही गूळ मागितलात. मी नाही म्हणालो, ठसका लागेल, डॉक्टरनं सांगितलं होतं. धाकट्यानं माझ्यासमोरून जाऊन डबा काढला आणि मटकीएवढा खडा तुमच्या जिभेवर ठेवला. तुम्हाला ठसका लागला, काळेनिळे झालात, परत आलात, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. मग माझ्याकडं बघून, मधे दोनदा श्वास घेऊन म्हणालात, "तू मिस्तरी... चांगला हायस. पोरगा... ह्यो." खाटेच्या पाठीला टेकून म्हणालात. माझ्या खाटेच्या.

असो. तुमचा पोरगा ड्रिलवर लागला, मुकादम झाला, डबाही त्यानंच घेतला. मी पाणी आणि तपासणी घेऊन त्या खाणीवर परत गेलो, तेव्हा समोर तोच होता. भांडण असं कधी केलं नाही त्यानं. दिवसा माझी पाण्याची जोडणी लावायचा, मी मोटरसायकलला किक मारली की काढून ठेवायचा, कारण ओल्या भोकात दांडा जरा हळू उतरतो आणि त्याला पगाराशिवाय फुटामागं पैसे. पहिल्या वर्षी मी नुसतं रक्त तपासून घेतलं, तर तुमच्या जुन्या गड्यांतल्या निम्म्यांना साखर निघाली. सगळी तुमच्या गुळानं झाली असं मी म्हणणार नाही. शास्त्र तसं सांगत नाही, आणि मी शास्त्राबाहेर बोलत नाही. पण साखर निघालेला माणूस रोज संध्याकाळी औषध म्हणून ढेप चघळत असेल तर त्याला काय म्हणायचं? मी गूळ बंद केला. फुटाणे ठेवले. त्या दिवशी खाण बंद पडता पडता राहिली. खडी भरणारी एक म्हातारी आहे, तुमच्या वेळची, तिला एका डोळ्यानं दिसत नाही. ती सगळ्यांदेखत माझ्यासमोर आली आणि तिनं तळहात पुढं केला. "तुज्या बापानं ह्या हातावर गूळ ठिवला. तू बोटाला सुई टोचतूस. कोन थोर, सांग की." मागनं कुणीतरी, "व्हय व्हय, सांग की मिस्तरी." मी म्हणालो, "म्हातारे, त्या गुळानंच तुझा डोळा गेला असेल." ती म्हणाली, "जाऊ दे की. दुसरा हाय अजून." सगळे हसले, मीसुद्धा हसू दाबलं. तरी फुटाणे घेतले त्यांनी. धाकटा मात्र खाणीच्या वरच्या अंगाला, मांडवाआड, डबा उघडत राहिला. मला माहीत होतं. मी जाऊन पकडलं नाही, कारण पकडलं असतं तर त्याला तुमचा मुलगा असल्याचा आणखी मान मिळाला असता.

यंदा मालकाच्या मागं लागून तपासणीची गाडी पूर्ण साहित्यासकट आणली. आत कानाची चाचणी, डोळ्यांची, बीपी, रक्त, आणि छातीची, जिला आपली माणसं फुंकणी म्हणतात. नळीत एका दमात सगळा श्वास फुंकायचा, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. किती निघाला, किती वेगानं निघाला, ते मशीन सांगतं. घरातली फुंकणी चुलीतला जाळ फुलवते, ही आतला जाळ किती उरलाय ते दाखवते. एकेकाला आत घेऊन दार लावतात. धाकटा आत गेला तेव्हा मी आतच होतो. त्यानं पहिल्यांदा फुंकलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून जोरात." दुसऱ्यांदा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या आणि पडद्यावरची रेघ चढली न चढली तोच खाली आली. "सकाळी च्या घेतला न्हाय, म्हनून," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्याला बाहेर पाठवून मला हळू आवाजात म्हणाल्या, "याला ड्रिलवर ठेवू नका. धुळीतच ठेवू नका. फोटो काढून घ्या लगेच." मग विचारलं, "दुसरं काय काम देणार?" मी म्हणालो, "पाण्याच्या पंपावर." "पगार?" "निम्मा." त्या म्हणाल्या, "मग तो इथं राहणार नाही. चाचणीत नापास झालेला माणूस घरी बसत नाही हो. जिथं चाचणी नाही तिथं जातो." मी म्हणालो, "ते आमचं आम्ही बघू."

बाहेर सगळे गाडीभोवती उभे होते. बाई हळू बोलल्या होत्या. मला हळू बोलायची गरज वाटली नाही. जे उतरवायचं ते चारचौघांत उतरवायचं, हे मी तुमच्याकडून शिकलो. मी कॉम्प्रेसर बंद करायला लावला. म्हणालो, "धाकट्या, ड्रिल खाली ठेव. तू नापास." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. हसत म्हणाला, "तात्या हातपाय हालत हुतं तवर ड्रिल धरून हुतं." मी म्हणालो, "म्हणून तर तात्या फोटोत आहेत." आता कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "पंपावर बस. बटण दाबायचं, बघत बसायचं, सावली आहे." त्यानं विचारलं, "पगार?" मी सांगितला. तो म्हणाला, "खडी भरनाऱ्या बायका तरी जास्त घेत्यात की रं." मग ड्रिल अगदी हळू खाली ठेवली, झोपलेलं पोर ठेवावं तशी. माझी पाण्याची नळी तिला लावलेली होती. ती काढली, गुंडाळली, आणि माझ्या हातात दिली. "ही तुजी. घे." आणि चालत फाटकातून गेला. अंघोळ न करता, कामाच्या कपड्यांत. मी अडवलं नाही.

पुढं मी नियम करून घेतला: तपासणीमुळं हलक्या कामावर गेलेल्याचा पगार वर्षभर तोच राहील, आणि फोटो, औषध मालकाकडून. मालक एका बैठकीत तयार झाला. दोघा गड्यांना मी त्यानुसार उतरवलं, दोघंही कुरकुरत पंपाशी बसतात आणि पत्ते खेळतात. धाकट्याला निरोप धाडला. आला नाही. त्याच्याऐवजी त्याची बायको आली, चिंचोळीला, शेडच्या दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. "भावजी, ते अक्कलकोटाच्या पल्याड लागल्यात. तितं फुटाला जास्त देत्यात." मी म्हणालो, बरं आहे. ती म्हणाली, "तितं पानी मारत न्हाईत हो. हितं निदान तुमचं पानी तरी हुतं." आणि गेली. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

मी एकदा जाऊन आलो तिथं. डांबरी सोडून आत गेलं की पाटी नाही, फाटक नाही, सावली नाही, नुसता पांढरा ढग आणि त्यातून ड्रिलचा आवाज. ड्रिलच्या आवाजावरून भोक कोरडं आहे का ओलं हे मला कळतं. ते कोरडं होतं. ढगात एक माणूस वाकलेला. वाकणं तुमचं. अधूनमधून थांबून तो गुडघ्यांवर हात ठेवत होता, तेही तुमचंच, तिसऱ्या खाचेच्या आसपासचं. तिथला मुकादम माझ्याजवळ आला. "यारु बेकु?" मला कानडी कळत नाही असं वाटून त्यानं परत मराठीत विचारलं, "कोन पायजे तुमाला?" मी म्हणालो, "कोणी नाही. रस्ता चुकलो." त्यानं हात करून सोलापूरचा रस्ता दाखवला. मी आलो.

हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही धाकट्याला समोर बसवून वाचून घेतलं असतंत, आणि आता जे लिहितोय ते त्याच्या तोंडून वाचलेलं मला नको आहे.

गाडी यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो माझ्या शेडवर आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी शिकंज्यात तोटी धरून कानस मारत होतो. तो बराच वेळ भिंतीवरचं छातीचं चित्र बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, उद्या माज्या नावावर तू फुंक की." मी म्हणालो, काय? "नावं तूच पुकारतूस. दार लावून घेत्यात. बाई दर वर्सी नवी आसती, तिला काय म्हाईत धाकला कंचा आन् थोरला कंचा. तुजी छाती चांगली हाय, दादा. तुला तात्यांनी येळंवर हाकाललं." मी कानस मारत राहिलो. तो म्हणाला, "फुकट म्हनत न्हाय मी. म्हैन्याला देतो. पगार झाला की तुज्या हातावर. घरात बी कळू द्येनार न्हाय." मी न बघताच नाही म्हणालो, आणि त्याला बस असंही म्हणालो नाही. नंतर सगळ्यांना सांगितलं की त्याच्या छातीसाठी नाही म्हणालो. छाती तेव्हा माझ्या मनात नव्हती. तुमचा पोरगा मिस्तरीच्या दारात मागायला आला होता, तात्या, आणि ते मला आवडलं होतं. त्याला महिन्याला अठरा हजार मिळत होते. त्यातले दोन हजार तो मला देणार होता, एकदा फुंकायचे.